फॉरमॅट मारण्याआधी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कशी बदलावी’. तो येईल. पण डिस्क बदलणं म्हणजे चार स्क्रू आणि दोन केबल, त्यासाठी व्याख्यान लागत नाही. मला बोलायचंय त्याआधीच्या दोन दिवसांबद्दल. डिस्क कुरकुरायला लागली की तपासणी, दुरुस्ती, साफसफाई यांतलं काहीही करू नका. आधी तिच्यातलं वाचून घ्या. आपल्याकडे हा क्रम हमखास उलटा होतो.

कसा, ते बघा. फोल्डर उघडायला अर्धा मिनिट लागायला लागतं. मग घरातला जाणकार भाचा (हसू नका, इथेही आठ-दहा बसलेत) चेकडिस्क हा विंडोजचा तपासणी-दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवतो, तेही ‘आर’ लावून. त्या एका अक्षराचा अर्थ असा, की डिस्कवरचा एकेक सेक्टर, म्हणजे छोटा कप्पा, वाचून बघ. १ टीबीच्या डिस्कवर हे तासन्‌तास चालतं. शिवाय चेकडिस्क नुसतं वाचत नाही, फाइलींच्या नोंदींत फेरफारही करतं. अर्धवट सापडलेलं तुकड्या-तुकड्यांनी ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात टाकतं. धडधाकट डिस्कवर वीज गेल्यामुळे नोंदी बिघडल्या असतील तर साधन उत्तम आहे. पण जिचं हेडच, म्हणजे वाचणारं टोकच, दमलंय तिचे उरलेले तास तपासणीत गेले, तर त्यातले फोटो बाहेर कधी काढणार?

यापेक्षा माझा जुना राग आहे तो ‘फॉरमॅट मारला, आता ठीक चालतेय’ या वाक्यावर. हे वाक्य खोटं नसतं, म्हणून जास्त घातक. डिस्क स्वतःची एक नोंदवही ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये ती दिसते. ०५ या ओळीत किती सेक्टर बाद करून राखीव जागेत हलवले तो आकडा असतो. सी५ मध्ये असे सेक्टर, की जे वाचता आले नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही. सी६ मध्ये तपासणीतही न वाचले गेलेले. आता सी५चा निकाल कधी लागतो? त्या जागेवर नवीन काही लिहिलं तेव्हा. लिहिणं जमलं तर सेक्टर पुन्हा चांगल्यात जमा, नाही जमलं तर राखीव जागेत रवानगी. विंडोजचा पूर्ण फॉरमॅट, क्विक नव्हे, अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहितो. त्यामुळे सी५ शून्यावर येतो, प्रोग्रॅममधला पिवळा इशारा कधीकधी पुन्हा निळा, म्हणजे ‘ठीक’, होतो, आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. तुमचा डेटा तर गेलाच, आणि दुखण्याचा पुरावाही पुसला गेला.

एक बारीक सूचना: हा प्रोग्रॅम कच्चे आकडे सोळाच्या पायावर (हेक्साडेसिमल) दाखवतो. तिथे ‘१०’ दिसलं म्हणजे सोळा. सेटिंगमध्ये दशमान करून घ्या. आणि फक्त सी७ वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी केबल, बदला; तो आकडा केबलमधल्या चुकांचा असतो.

‘आमच्याकडे सगळं निळं आहे’ म्हणून कोणी निर्धास्त बसलं असेल तर ऐका: २००७ साली गूगलने आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी तापमान वगळता स्मार्टमध्ये कसलीच कुरबूर नोंदवली नव्हती. म्हणजे इशारा मिळाला तर ते तुमचं नशीब समजा.

बरं, वाचून घ्यायचं म्हणजे काय करायचं? विंडोज नीट चालू होत असेल, नुसता इशारा आला असेल, तर जे पुन्हा मिळणार नाही ते आधी. फोटो, हिशेब, मुलांचे प्रबंध. सिनेमे आणि सॉफ्टवेअर शेवटी, किंवा नाहीच. माऊसने ओढून कॉपी केली तर बिघडलेल्या फाइलपाशी खिडकी थांबते आणि तुम्ही झोपलेले असता. म्हणून रोबोकॉपी ही विंडोजमधलीच कॉपीची आज्ञा वापरतात. पण त्याची मूळ सेटिंग ऐका: फाइल वाचता आली नाही तर दहा लाख वेळा पुन्हा प्रयत्न, दर वेळी ३० सेकंद थांबून. हिशेब करा, एका फाइलसाठी साधारण ३४७ दिवस! (तुमच्यापेक्षा चिवट निघालं ना?) म्हणून ‘आर’ (प्रयत्न) एक आणि ‘डब्ल्यू’ (थांबायचे सेकंद) एक असं सांगायचं. ‘मिर’ मात्र लावू नका. उगमात, म्हणजे जुन्या डिस्कवर, नसलेलं तो बॅकअपमधूनही पुसतो.

आणि इथे मराठी माणसाची खास फजिती. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेली पत्रं, सोसायटीची इतिवृत्तं, आजोबांच्या कविता. फाइल वाचते, पण फॉन्ट सोबत घेतला नाही तर नव्या मशीनवर रोमन अक्षरांची रांगोळी दिसते. युनिकोड नाही ना ते! फॉन्ट दोन ठिकाणी असतात: विंडोज फोल्डरातल्या ‘फॉन्ट्स’मध्ये, आणि अलीकडच्या विंडोजमध्ये तुमच्या नावाखालच्या दडवलेल्या ‘ॲपडेटा’तही. दोन्ही उचला. महत्त्वाच्या फाइलींची फॉन्टसकट पीडीएफ करा, पण ती बॅकअप झाल्यावर, दुसऱ्या मशीनवर. टॅली वापरणाऱ्यांनी डेटा फोल्डर तर घ्यावाच, शिवाय जुनं मशीन चालू असेतो लायसन्स सरेंडर करावं. आउटलुकची पीएसटी फाइलही, जिच्यात ईमेल असतात, विसरतात...

हो, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं. उरलेलं भरभर सांगतो.

डिस्क अडकत असेल, कॉपी थांबत असेल, तर फाइल-फाइल करत बसू नका. अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे एका फाइलीत जशीच्या तशी नक्कल, घ्या. साधन आहे डीडीरेस्क्यू, फुकट. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (यात सिस्टिम पेनड्राइव्हवरूनच चालते) मशीन सुरू करायचं, आजारी डिस्क शक्यतो थेट साटाला जोडायची. यूएसबी डबे चूक आली की कधीकधी डिस्कच गायब करतात. प्रतिमेसाठी मोठी बाहेरची डिस्क घ्या, एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली, कारण फॅट३२ वर ४ जीबीच्या पुढची फाइल मावत नाही. कोणती डिस्क कोणती हे मॉडेल आणि सीरियल नंबरवरून दोनदा ताडा. आज्ञेत आधी उगम, मग प्रतिमा, मग नकाशा-फाइल (कुठवर वाचून झालं त्याची नोंद). उलट झालं तर आजारी डिस्कवरच लिहिलं जाण्याचा धोका. पहिल्या फेरीत ‘एन’ लावा, म्हणजे तो सोपं ते उचलतो आणि खराब पट्टे टाळत पुढे जातो. दुसऱ्या फेरीत ‘डी’ आणि ‘आर३’, म्हणजे राहिलेल्या जागांवर तीन प्रयत्न. नकाशा-फाइल असेल तर मध्ये वीज गेली तरी राहिलं तिथून पुढे सुरू होतं. लोडशेडिंगवाल्यांनी ती विसरू नये. वेग १०० एमबी प्रति सेकंद मिळाला तर १ टीबीला पावणेतीन तास, आजारी डिस्कला कधी दोन दिवस. नंतर प्रतिमा सेव्हन-झिपमध्ये उघडून फाइली काढा. चेकडिस्कची हौस प्रतिमेच्या प्रतीवर भागवा.

टक-टक आवाज येत असेल तर यातलं काहीच नाही. वीज काढा आणि डेटा खरंच मोलाचा असेल तर क्लीनरूम असलेल्या प्रयोगशाळेकडे द्या. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन, चालू असेल तर ४८ आकडी किल्ली आधी कागदावर लिहून घ्या. ती नसेल तर घेतलेली प्रतिमाही कुलूपबंद.

आता बदलणं. आजारी डिस्कवरून विंडोज क्लोन करू नका, म्हणजे जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवू नका; खराब सेक्टर सिस्टिम फाइलींत निघाले तर आजार नव्या घरी येतो. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्या नसलेली डिस्क, लावा, जुनी डिस्क पूर्ण काढून ठेवा, नाहीतर मशीन सुरू करणारी बूटची फाइल तिच्यावरच बसायची. कोरं विंडोज टाका, लायसन्स सहसा मदरबोर्डवरून ओळखलं जातं, ‘माझ्याकडे की नाही’ म्हणा. एम.२ खाचेचा एसएसडी घेणार असाल तर तुमची खाच साटा मानते की एनव्हीएमई (जोडणीचे दोन प्रकार), हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघूनच घ्या, दिसायला दोन्ही जवळपास सारखेच. मग बॅकअपमधल्या दहा-वीस फाइली, जुन्यातल्या जुन्या, प्रत्यक्ष उघडून बघा.

जुनी डिस्क दोन महिने कपाटात ठेवा. नंतर भंगारात देणार असाल तर, आता ती पुसलीही जात नसणार, म्हणून तबकड्यांतून आरपार भोक पाडा. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात, डोळ्यांवर चष्मा लावा. प्रश्न असतील तर जिन्यात भेटू, हॉलची वेळ संपली.