नवा गेमिंग कन्सोल: आज घ्यावा की थांबावे?

नमस्कार, श्रोतेहो. नवा गेमिंग कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र, बाजारात येताच घ्यावा की वर्ष-दीड वर्ष थांबावे, हा प्रश्न आता केवळ मुलांचा राहिलेला नाही. चाळीस-पन्नास हजार रुपयांची ही खरेदी काही घरांत आई-वडिलांच्या खिशातून होते, तर कुठे नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणाच्या पगारातून, बहुधा हप्त्यांवर. आणि एवढ्या रकमेचा निर्णय मात्र जाहिरातींच्या गदारोळात, आगाऊ नोंदणी सुरू होण्याच्या आदल्या रात्री घाईघाईने घेतला जातो. म्हणून आज या एकाच प्रश्नाचा आपण शांतपणे विचार करू या.

वडीलधारी माणसे अशा वेळी सांगतात, ‘थांब, किंमत उतरेल.’ हा सल्ला पूर्वी अगदी रास्त होता. सोनीचा प्लेस्टेशन थ्री २००६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत आला, तेव्हा त्याच्या ६० जीबी मॉडेलला ५९९ डॉलर मोजावे लागत होते, आणि तीन वर्षे पुरी होण्याच्या आत त्याचेच सडपातळ मॉडेल २९९ डॉलरला मिळू लागले. निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या कन्सोलची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २६ फेब्रुवारी २०११ रोजी तो जपानमध्ये २५,००० येनला विक्रीस आला. अपेक्षेइतका खप झाला नाही, आणि ११ ऑगस्टपासून त्याची किंमत १५,००० येन झाली. ज्यांनी उत्साहाने आधी खरेदी केली होती त्यांचा विश्वास ढळू नये म्हणून कंपनीने त्यांना वीस जुने गेम विनामूल्य दिले, आणि अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचे वेतन निम्मे केले.

गेल्या काही वर्षांत मात्र हे चक्र उलटे फिरले आहे. प्लेस्टेशन फाइव्ह जपानमध्ये २०२० साली करांसह ५४,९७८ येनला आला. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तो ६०,४७८ येनचा झाला आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ७९,९८० येनचा. अमेरिकेत ४९९ डॉलरचे मॉडेल ऑगस्ट २०२५ मध्ये पन्नास डॉलरने महागले. आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ रोजी डिस्क ड्राइव्हचे मॉडेल ४९,९९० रुपयांना आले, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचीच किंमत ५४,९९० रुपये झाली. मधूनमधून सवलतीच्या योजना येऊन गेल्या, हे खरे. पण किंमत निम्म्यावर येण्याची वाट पाहत जो बसला, तो अजूनही बसलेलाच आहे. यामागे महागाई आहे, चलनांची घसरण आहे, आणि त्याहून खोल असे एक कारण आहे. पूर्वी दर दोन-तीन वर्षांनी तीच चिप अधिक लहान आकारात आणि कमी खर्चात बनवता येई, आणि ती बचत किमतीत उतरे. आता अधिक सूक्ष्म चिप बनवण्याचा खर्चच इतका वाढला आहे की ती बचत जवळजवळ उरलेली नाही.

याचा अर्थ, थांबायचे असेल तर केवळ किमतीसाठी थांबण्यात फारसे हशील नाही. तरीही बहुतेकांनी थांबावे, असेच माझे मत आहे, आणि त्याचे पहिले कारण स्वतः गेम हेच आहे.

कन्सोल आपण घेतो तो त्यावरच्या गेमसाठी, आणि नेमकी तीच गोष्ट पहिल्या वर्षात तुटपुंजी असते. प्लेस्टेशन फाइव्हचा पहिला दिवस आठवा. यंत्रासोबत आलेला ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’ आणि ‘डीमन्स सोल्स’ हे फक्त त्याच्यासाठीचे होते. पण ज्याची सर्वाधिक चर्चा होती तो स्पायडरमॅनचा ‘माइल्स मोरालेस’ जुन्या प्लेस्टेशन फोरवरही त्याच दिवशी आला. पुढेही हेच चालू राहिले. २०२२ च्या फेब्रुवारीत ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ आला, मार्चमध्ये ‘ग्रॅन टुरिस्मो सेव्हन’, आणि नोव्हेंबरमध्ये ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’. ज्यांच्या नावावर कन्सोल विकले जातात असे हे तिन्ही गेम जुन्या यंत्रावरही खेळता येत होते. नव्या यंत्रावर चित्र अधिक देखणे होते आणि गेम सुरू व्हायला लागणारा वेळ कितीतरी कमी होता, हे मान्यच आहे. परंतु घरात प्लेस्टेशन फोर सुस्थितीत असलेल्या माणसाने दोन वर्षे वाट पाहिली असती, तरी या तिन्हींपैकी एकाही गेमला तो मुकला नसता.

दुसरे कारण यंत्राच्या कच्चेपणाचे. प्लेस्टेशन फाइव्हची साठवण ८२५ जीबी म्हणून जाहीर झाली होती, पण प्रत्यक्ष वापरायला सुमारे ६६७ जीबी मिळत. एकेक मोठा गेम शंभर जीबीच्या घरात जातो, तेव्हा पाच-सहा गेममध्ये जागा संपते. आत जादा एसएसडी, म्हणजे साठवण वाढवणारा सुटा भाग, बसवण्याची खाच पहिल्या दिवसापासून होती, फक्त ती चालू झाली २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, सॉफ्टवेअर अपडेट आल्यावर. म्हणजे पहिल्या गिऱ्हाइकांना जवळजवळ वर्षभर यंत्राच्या आतली जागा वाढवता आली नाही. ही झाली गैरसोय. मायक्रोसॉफ्टच्या नोव्हेंबर २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये तर दोष मुळातच होता. यंत्र तापायचे, बंद केल्यावर निवायचे, पुन्हा तापायचे. या ताणाने आतले सूक्ष्म सांधे तडकत, आणि एके दिवशी बटणाभोवती तीन लाल दिवे लागून यंत्र कायमचे थांबे. मायक्रोसॉफ्टने जुलै २००७ मध्ये या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. पुढच्या मॉडेलांत हा दोष आटोक्यात आला. त्यांचा लाभ मात्र उशिरा आलेल्यांना मिळाला.

आता आपल्या देशापुरती एक गोष्ट, आणि तिच्याविषयी मला विशेष काळजी वाटते. निन्टेन्डोचा स्विच टू ५ जून २०२५ रोजी जगभर आला आणि चार दिवसांत त्याची पस्तीस लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. भारतात मात्र कंपनीने तो अधिकृतपणे आणला नाही. आपल्याकडे दिसतो तो बाहेरून आणलेला माल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो वा अन्यत्र, असे यंत्र घेताना कंपनीची भारतातली वॉरंटी आपल्यामागे नसते. बिघाड झाला, तर दुकानदाराचा शब्द हाच काय तो आधार. पुण्या-मुंबईची बरीच मंडळी कामानिमित्त जपानमध्ये असतात, आणि ‘येताना एक घेऊन ये’ असा निरोप त्यांना हमखास जातो. त्यांच्यासाठी सांगतो: जपानमध्ये स्विच टूचे दोन प्रकार आहेत. २०२५ मध्ये ४९,९८० येनला आलेला प्रकार फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्याला जपानचेच निन्टेन्डो खाते जोडता येते. अनेक भाषांचा प्रकार तेव्हा ६९,९८० येनचा होता. स्वस्त दिसला म्हणून पहिला उचलला, तर इथे घरी आल्यावर यंत्राचा मेनू वाचता येणार नाही आणि आपले भारतातले किंवा अमेरिकेतले जुने खातेही त्यावर चालणार नाही. खोक्यावर काय लिहिले आहे ते विकत घेण्यापूर्वी वाचून घ्यावे.

मग पहिल्या दिवशी घ्यावा तरी कोणी? ज्याला असा एखादा गेम आजच खेळायचा आहे, जो दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर मिळत नाही, आणि जो तो पुढचे कित्येक महिने खेळणार आहे, त्याने खुशाल घ्यावा. स्विच टूबरोबर ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ आला. घरात तीन-चार भावंडे असतील आणि रोज संध्याकाळी ती त्यावर तुटून पडणार असतील, तर वर्षभराचा तो आनंद मागाहून विकत मिळत नाही. मुले त्या वयाची एकदाच असतात, आणि हिशेबात हेही धरले पाहिजे. ज्याचा जुना कन्सोल मोडला आहे आणि दुरुस्तीचा खर्च अवाच्या सवा आहे, त्यालाही थांबण्याचा आग्रह मी करणार नाही. पण ‘पुढे चांगले गेम येतीलच’ एवढ्या भरवशावर पैसे घालू नयेत. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या वी यू कन्सोलवर असाच भरवसा ठेवला गेला होता; बाहेरच्या कंपन्यांनी त्याच्यासाठी गेम बनवणे लवकरच आखडते घेतले, त्याची एकूण विक्री १ कोटी ३५ लाखांच्या आसपास अडकली आणि २०१७ च्या प्रारंभी उत्पादन बंद झाले.

जे थांबणार नाहीत त्यांच्यासाठी शेवटची सूचना. पहिल्या काही आठवड्यांत माल अपुरा असतो. प्लेस्टेशन फाइव्हची आपल्याकडची आगाऊ नोंदणी १२ जानेवारी २०२१ रोजी काही मिनिटांत संपली, आणि मग हीच यंत्रे चढ्या भावाने पुन्हा विकायला आली. छापील कमाल किमतीहून अधिक पैसे घेणे दुकानदाराला कायद्याने मना आहे. मात्र एखाद्या अनोळखी व्यक्तीकडून घेतलेल्या यंत्राचे पक्के बिल मिळत नाही, आणि वॉरंटीचा दावा करताना पहिल्यांदा मागितले जाते ते बिलच. तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडे पुढचा माल येईपर्यंत नाव नोंदवून ठेवावे, बिलावर आपले नाव आणि यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, आणि खोके किमान वॉरंटी संपेपर्यंत रद्दीत टाकू नये. नमस्कार.