फोटो यंत्राने वाचला, पुढे काय?

(वाशी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

छातीचा एक्स-रे वाचून क्षयाचा, म्हणजे टीबीचा, संशय सांगणारं सॉफ्टवेअर आलंय, मग आता डॉक्टर कशाला, असं लोक विचारतात. हे सॉफ्टवेअर करतं काय, ते आधी पाहू.

त्याला हजारो फोटो दाखवलेले असतात. कोणत्या फोटोत आजार आहे, कोणत्यात नाही, हेही सांगितलेलं असतं. त्यावरून ते शिकतं. नवा फोटो दिला की संशयाची जागा रंगवून दाखवतं आणि एक गुण देतं, समजा ० ते १०० मधला. किती गुणांच्या वर गेल्यावर थुंकी तपासायची, ती रेषा मात्र माणसं आखतात. ५० वर आखली तर तपासण्या कमी होतील, पण काही रुग्ण निसटतील. ३० वर आणली तर कमी निसटतील, पण प्रयोगशाळेवरचा भार वाढेल. माझ्या मते सगळा प्रश्न या रेषेचा आहे आणि त्याविषयी फार कमी बोललं जातं.

हे तंत्र मला हवं आहे, हे स्पष्ट सांगतो. २०१९ ते २०२१ मध्ये आपल्या देशात क्षयरोगाचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. एक्स-रे काढला नसता तर त्यातले ४२.६ टक्के रुग्ण सापडलेच नसते. म्हणजे खोकला-ताप विचारून भागत नाही, फोटो काढायला हवा आणि तो लगेच वाचणारं कुणीतरी हवं. प्रत्येक दवाखान्यात रेडिओलॉजिस्ट कुठून आणणार? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ वर्षं आणि त्यापुढच्या व्यक्तींच्या क्षय-चाळणीसाठी, म्हणजे संशयित रुग्ण वेगळे काढण्यासाठी, अशा सॉफ्टवेअरला मान्यता दिली. लहान मुलं त्यात नाहीत, हे लक्षात असू द्या.

आता आपल्या भागाकडे या. पारसिकच्या डोंगरात, तुर्भ्याच्या बाजूला माणसांनी वर्षानुवर्षं दगड फोडला. ती धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. त्याचे डाग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात, क्षयाचेही बरेचदा तिथेच. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षयाचा धोका जास्त. अशा कामगाराच्या फोटोला ८० गुण मिळाले तर तो क्षय असेल, धूळ असेल, दोन्ही असतील. पूर्वी टीबी होऊन बरा झालेल्यांचे व्रणही असेच गुण वाढवतात.

२०१८ मध्ये अमेरिकेत एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या एका प्रणालीचा अभ्यास झाला. फोटो कोणत्या रुग्णालयातला आहे, हे ती जवळजवळ अचूक ओळखत होती. काही रुग्णालयांत न्यूमोनियाचे रुग्ण जास्त, त्यामुळे फुप्फुसाऐवजी रुग्णालयाच्या खुणांवरूनही अंदाज बांधता येत होता. बाहेरच्या रुग्णालयांचे फोटो दिले तेव्हा तिची कामगिरी बऱ्याच वेळा घसरली.

म्हणून माझा आग्रह आहे की दुसरीकडे ठरलेली रेषा इथे तशीच उचलू नये. आधी इथल्याच खाणकामगारांचे, माथाडींचे, जुन्या क्षयरुग्णांचे फोटो घ्यावेत, त्यांच्या थुंकीचे निकाल शेजारी मांडावेत आणि मग रेषा ठरवावी. काम वेळखाऊ आहे, पण ते टाळून तपासणी शिबिरं घेतली तर निरोगी माणसं घाबरतील आणि आजारी माणसं निर्धास्त घरी जातील.

तुमच्यापैकी कुणाला पूर्वी टीबी झाला असेल तर जुनी फिल्म आणि रिपोर्ट जपून ठेवा. शिबिरात जाताना सोबत न्या, खाणीत किंवा धुळीत काम केलं असेल तर तेही आवर्जून सांगा. गुण कमी आले, पण खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, वजन उतरलं किंवा थुंकीतून रक्त पडलं, तर त्या गुणांवर थांबू नका. थुंकी तपासून घ्या.