पहिले मास्तर कोठून आले?

अध्यक्षमहाशय आणि श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत ‘आरंभीच्या हुन्नरशाळा आणि त्यांचे शिक्षक’ असा छापला आहे. मुंबई, लाहोर आणि बडोदा या तीन ठिकाणच्या संस्थांविषयी मला बोलायचे आहे. माझे म्हणणे असे आहे की, हाताचे काम शिकविणारी संस्था कशी घडेल हे तिच्या अभ्यासक्रमावरून कळत नाही. तिचे पहिले मास्तर तेथे येण्यापूर्वी कोणत्या कारखान्यात, कोणत्या भट्टीसमोर किंवा कोणत्या बाकावर उभे होते, त्यावरून ते कळते. सिल्लोडच्या या सभागृहात हा विषय मी मुद्दाम घेतला आहे, कारण यांतील एका मास्तराचे सर्वांत मोठे काम येथून तासाभराच्या वाटेवर, अजिंठ्याच्या लेण्यांत झाले.

मुंबईची जे. जे. कलाशाळा आज आपण चित्रकारांची शाळा म्हणून ओळखतो. सर जमशेटजी जीजीभाईंनी तिच्यासाठी 1 लाख रुपये दिले, ते मात्र देशी कारागिराच्या हाताला नवे शिक्षण मिळावे म्हणून. 1857 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत वर्ग सुरू झाले. तेथे नेमलेले जोसेफ आर्चर क्रो हे विद्वान गृहस्थ होते. कलेचा इतिहास लिहिणारे, वृत्तपत्रांचे बातमीदार, क्रिमियाच्या युद्धाची चित्रे पाठविणारे. त्याच वर्षी उठाव झाला आणि ते त्याच्या बातम्या लंडनला पाठवू लागले. पुढे प्रकृतीमुळे परत गेले. त्यांच्या विद्वत्तेविषयी मला आदर आहे, परंतु लोखंड तापविणाऱ्या किंवा माती मळणाऱ्या मुलाला ती कितपत उपयोगी पडली असेल, हा प्रश्न मनात राहतो.

शाळेचा खरा कायापालट 1865 च्या सुमारास झाला. जॉन ग्रिफिथ्स सजावटीच्या चित्रकामासाठी, जॉन लॉकवुड किपलिंग इमारतींवरील शिल्पकामासाठी आणि हिगिन्स घडीव लोखंडकामासाठी, असे तीन मास्तर आले. किपलिंग हे मेथडिस्ट धर्मोपदेशकाचे चिरंजीव. लहानपणी त्यांनी लंडनचे 1851 चे मोठे औद्योगिक प्रदर्शन पाहिले आणि पुढे बर्स्लेम या कुंभारकामाच्या गावी एका कारखान्यात उमेदवारी केली. उमेदवारी म्हणजे काय, हे येथे बसलेल्या फिटर-टर्नर मंडळींना सांगायला नको. नंतर लंडनमधील साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळा-संग्रहालयाच्या इमारतींवर शिल्पकाम करून ते मुंबईस आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील कोरीव पट्ट त्यांचे आहेत. हाताने माती मळलेला हा मास्तर येथे येताच येथील सुतार, विणकर, कोरक्ये यांच्याकडे पाहू लागला. 1870 ते 1872 च्या दरम्यान सरकारने त्यांना उत्तर भारतात कारागिरांची चित्रे काढण्यासाठी पाठविले. त्या चित्रांत कारागीर कसा बसतो, हत्यार कसे धरतो, पायाचा उपयोग कसा करतो, हे सारे आहे. स्वतः काम केलेल्या माणसालाच दुसऱ्याच्या बसण्यातले कसब दिसते.

येथे मला थोडे थांबून माझा एक अनुभव सांगू द्या. तो अनेक वर्षे मनात आहे आणि त्यावाचून मी या विषयाकडे वळलोच नसतो.

मी आपल्याच मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचा शिल्प निदेशक होतो. देशभर कारागीर प्रशिक्षण योजना 1950 मध्ये सुरू झाली, तिच्याच आधाराने या संस्था चालतात. आमच्या ट्रेडची मुले सांधे करीत, चौकटी करीत, जॉब पूर्ण करून वहीत सही घेत. परंतु बाभळीचे लाकूड ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राबले, त्यांचे काम त्या वहीत कोठेच नव्हते. शेजारच्या खेड्यात बैलगाडीची चाके करणारे एक वृद्ध सुतार होते. गाव त्यांना आबा म्हणे. मी त्यांना विनंती करून वर्कशॉपमध्ये आणले आणि त्यांनी आमच्या मुलांसमोर एक चाक केले.

तुंबा म्हणजे चाकाचा मधला लाकडी गोळा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसविलेले पुठ्ठे म्हणजे घेराचे वाकडे तुकडे. येथवर आमच्या मुलांनी हात लावला. नंतर धाव चढविण्याची वेळ आली. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. तिचे कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतात, गोवऱ्यांच्या आरात लाल होईपर्यंत तापवितात, फुगले की चौघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवितात आणि लगेच पाणी ओततात. कडे आकसते आणि सारे सांधे आवळून घेते. पाणी पडताच धूर, वाफ आणि सांधे घट्ट होताना लाकडाचा जो कुरकुर आवाज होतो, तो ऐकून आमची मुले एकदम गप्प झाली. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे मी त्यांना फळ्यावर शिकविले होते, गणितही करून घेतले होते. मी आबांना विचारले की धाव घेरापेक्षा किती लहान ठेवायची. ते म्हणाले, “सर, बाभळ किती वाळली हे आदी बघावं लागतंय, मग धाव किती बारीक धरायची ते ठरतंय.” माझ्या गणितात लोखंड होते, लाकूड नव्हते. त्या दिवशी मुलांबरोबर मीही शिकलो.

मी प्रस्ताव लिहिला की आबांना तासिका तत्त्वावर सहा आठवडे बोलवावे आणि नियमाप्रमाणे मानधन द्यावे. नस्ती परत आली. शेरा होता, ‘शैक्षणिक अर्हतेचा दाखला जोडलेला नाही.’ मी ग्रामपंचायतीचा दाखला जोडून पुन्हा पाठविली. या वेळी उत्तर आले की अनुभव नोंदणीकृत आस्थापनेतील असावा. श्रोतेहो, ज्या माणसाच्या हातची चाके पंचक्रोशीतील शेतमाल बाजाराला घेऊन गेली, त्याने कोणत्या आस्थापनेचा दाखला आणायचा होता? आबा तरीही काही आठवडे बाजाराच्या दिवशी येत राहिले. गाडीभाडे दिले तर घेत नसत. पुढे तपासणीत बाहेरचा इसम वर्कशॉपमध्ये हत्यारे हाताळतो, असा आक्षेप निघाला आणि त्यांचे येणे थांबले. दुसरे चाक धाव न चढविताच भिंतीला टेकून राहिले. उन्हाळ्यात त्याचे पुठ्ठे सांध्यांत उकलले आणि एके दिवशी ते जळणात गेले. आबाही आता नाहीत. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. परंतु त्या नियमात आबांसारख्या माणसासाठी एक ओळसुद्धा नव्हती, याचे दुःख मला आजही आहे.

आता अजिंठ्याकडे येतो. ग्रिफिथ्स वेल्समधील, त्यांचे शिक्षणही साउथ केन्सिंग्टनचे. 1872 ते 1885 या काळात दर हिवाळ्यात ते आपले विद्यार्थी घेऊन लेण्यांत येत आणि भिंतींवरील चित्रांच्या नकला तैलरंगांत कापडावर उतरवीत. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते. निजामाच्या राज्यातील या डोंगरात, लेण्यातल्या अंधुक उजेडात, जुन्या चितारऱ्याची रेषा जशीच्या तशी आपल्या हातून काढताना ती मुले जे शिकली, ते मुंबईच्या वर्गात शिकविता आले नसते. येथे लेणेच शिक्षक झाले. या कामाची छाया शाळेतील मातीच्या भांड्यांवरही पडली. अजिंठ्याच्या वेलपत्ती त्यांवर आल्या. पुढे 1885 मध्ये लंडनला आग लागून अनेक नकला जळाल्या. त्याआधी ग्रिफिथ्सच्या पूर्वी अजिंठ्याची चित्रे उतरविणाऱ्या रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक नकलाही तेथे 1866 च्या आगीत गेल्याच होत्या.

परंतु एक गोष्ट मनाला टोचते. त्या काळी चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर वॉर्निश लावले गेले आणि तेच पुढे पिवळे पडून चित्रांना बाधले. ग्रिफिथ्सना आपला धंदा, म्हणजे तैलरंग आणि कापड, पूर्ण ठाऊक होता. लेण्यातली भिंत मात्र वेगळ्या धंद्याची होती. माती, भुसा आणि तंतू कालवून केलेला गिलावा, वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. तसा गिलावा जाणणाऱ्या हाताला त्या कामात मास्तर म्हणून जागा मिळाली असती तर बरे झाले असते, असे मला वाटते. मास्तराची पार्श्वभूमी त्याला किती दूर नेते आणि कोठे अडविते, हे या एका वॉर्निशात दिसते.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठविली आहे, तेव्हा लाहोर आणि बडोदा थोडक्यात सांगतो. किपलिंग 1875 मध्ये लाहोरच्या मेयो कलाशाळेचे पहिले प्राचार्य झाले. सुतार घराण्यातील राम सिंग हा मुलगा तेथे विद्यार्थी म्हणून आला, तेथेच शिक्षक झाला, इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बर्न महालातील दरबार दालनाचे काम त्याने किपलिंग यांच्याबरोबर केले आणि 1910 मध्ये तो त्याच शाळेचा प्राचार्य झाला. जी जागा आबांना सहा आठवडे मिळाली नाही, ती सुताराच्या मुलाला त्या काळी मिळाली होती.

बडोद्याचे कलाभवन सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये उघडले आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिले. गज्जर सुरतचे, सुतार समाजातले आणि त्याच वेळी रसायनशास्त्राचे प्राध्यापक. मुंबईतील राणीच्या संगमरवरी पुतळ्याला फासलेले डांबर भल्याभल्यांना निघाले नव्हते, ते त्यांनी काढले. पदवी आणि परंपरागत हुन्नर एकाच माणसात आल्यामुळे तेथे रंगाई, विणकाम आणि यंत्रकाम मातृभाषेतून शिकविण्याचे धाडस झाले. गज्जर 1896 मध्ये बाहेर पडले. 1907 मध्ये त्यांच्या शिष्यांनी औषधे आणि रसायने बनविणारी अलेंबिक कंपनी उभी केली. दादासाहेब फाळके तर 1885 मध्ये जे. जे. मध्ये आणि 1890 मध्ये कलाभवनात, अशा दोन्ही ठिकाणी शिकले. त्यांना कोणत्या मास्तरांकडून काय मिळाले, हा भाग मी लिहून आणला होता, तो आता प्रश्नोत्तरांत घेऊ.