मेथीची तार आणि अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल

रात्रभर भिजलेले मेथीदाणे. सकाळी ते फुगलेत, पाणी पिवळट झालंय आणि बोट बुडवलं की तार येते. कडू आहे म्हणजे साखरेवर उतारा असणारच, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानलं जातं. पण कोलेस्टेरॉलचा विचार करायचा तर बघायला हवं ते या बुळबुळीत तारेकडे.

ही तार म्हणजे गॅलॅक्टोमॅनन, पाण्यात विरघळणारे तंतू. आपल्याला ते पचत नाहीत. आतड्यात त्यांचा दाट लगदा होतो आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. पित्तातली आम्लंही त्यात अडकतात आणि शौचावाटे निघून जातात. मग यकृताला नवं पित्त तयार करावं लागतं. त्यासाठी लागतं कोलेस्टेरॉल, आणि ते यकृत रक्तातून ओढून घेतं.

1990 साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी टाइप 1 मधुमेहाच्या रुग्णांना जेवणातून मेथी दिली. 10 दिवसांत उपाशीपोटीची साखर कमी झाली, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलही कमी झालं. मात्र प्रमाण लक्षात घ्या: रोज 100 ग्रॅम, तीही तेल काढलेली पूड, दोन जेवणांत विभागून. एवढी मेथी रोज कोण खाणार? नुसतं पाणी पिऊन दाणे टाकून दिले, तर बरेचसे तंतू दाण्यांबरोबरच जातात. निदान दाणे चावून खावेत.

इसबगोल याच वाटेने काम करतं, आणि त्याचा पुरावा जास्त भक्कम आहे. उत्तर गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून ते जगभर जातं. रोज साधारण 10 ग्रॅम भुशी घेतली, तर एलडीएल सुमारे 7 टक्क्यांनी उतरतं. आकडा लहान आहे, पण खरा आहे.

आता ऑक्सिडेटिव्ह ताण. साखर सतत चढलेली राहिली की पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांतून, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागांतून, ऑक्सिजनचे आक्रमक रेणू जास्त सुटतात. त्यांच्या तावडीत सापडलेले एलडीएलचे कण बिघडतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ते कण गिळत राहतात आणि चरबीने फुगून धमनीच्या भिंतीतच बसतात. मग या आक्रमक रेणूंना शांत करणाऱ्या अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल घेतली की झालं, असं कुणालाही वाटेल.

ब्रिटनमध्ये 20,536 लोकांवर हे तपासलं गेलं. त्यांतल्या जवळजवळ 6,000 जणांना मधुमेह होता. काहींना ई आणि क जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन ही अँटिऑक्सिडंट, काहींना रोज 40 मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन गटातलं औषध, काहींना दोन्ही, काहींना नुसत्या दिखाऊ गोळ्या. पाच वर्षं हे चाललं. जीवनसत्त्वं रक्तात व्यवस्थित वाढली, पण हृदयविकार कमी झाला नाही. स्टॅटिनने मात्र हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात सुमारे पाव हिश्श्याने घटवले, मधुमेहींमध्येसुद्धा. 2002 साली हे निष्कर्ष आले. आजही ‘नैसर्गिक अँटिऑक्सिडंट’ म्हणून महागड्या बाटल्या विकल्या जातात आणि त्यांच्या भरवशावर लोक स्टॅटिन बंद करतात, याचं फार वाईट वाटतं.

हळदीबद्दलही सांगायला हवं. भाजी-आमटीतली हळद खुशाल खावी. पण त्यातलं करक्युमिन शरीरात फारच कमी शोषलं जातं, म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पिपरिन घालतात. पिपरिनमुळे इतर औषधांचं शोषणही बदलू शकतं. अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

लाल यीस्टचा, म्हणजे लाल बुरशीने आंबवलेला तांदूळ हाही नैसर्गिक म्हणूनच विकला जातो. त्यातलं मोनॅकोलिन के म्हणजे प्रत्यक्षात लोव्हास्टॅटिन, एक स्टॅटिनच. आधीच स्टॅटिन चालू असेल, तर ही दुहेरी मात्रा होते आणि स्नायूंवर बेतू शकते.

इसबगोल पेलाभर पाण्याबरोबर घ्यावं, नाहीतर ते घशात फुगतं. नेहमीच्या गोळ्या आणि ते यांत दोनेक तासांचं अंतर ठेवावं. मधुमेहाच्या औषधांवर मेथी भरपूर सुरू केली, तर साखर जास्तच उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच साखर तपासा. आणि डॉक्टर ‘आणखी काय घेता?’ विचारतील तेव्हा ‘ते घरचंच आहे’ म्हणून मेथी, इसबगोल, कॅप्सूल यांतलं काहीही सांगायचं राहू देऊ नका.