अनुदान यंत्राला, पण चालवायचे कोणी?

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या व तंदूर भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले, तेव्हा नाक्यानाक्यावर चर्चा रंगली ती लादीपावाच्या चवीची. चवीचा प्रश्न गौण आहे असे मी म्हणणार नाही, निदान वडापावावर जगणाऱ्या या शहरात तरी नाही. परंतु बेकरीवाल्यापुढचा प्रश्न वेगळाच होता. पाडलेल्या इमारतींची दारे, चौकटी, मालाची खोकी असे भंगारातले लाकूड त्याला स्वस्तात मिळत होते. त्यावरचा रंग, वार्निश आणि प्लायवुडमधला सरस भट्टीत जळतो, म्हणून तो धूर साध्या सरपणापेक्षा अधिक घातक असतो, हे त्यालाही ठाऊक असते. पण गॅसची भट्टी घ्यायची तर लाखांनी खर्च, शिवाय गल्लीत गॅसची वाहिनी आलेली हवी; विजेची घ्यायची तर मंजूर भार वाढवून घ्यायला हवा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० पासून चालू असलेल्या केंद्र सरकारच्या योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के आणि कमाल १० लाख रुपये अनुदान आहे, पण ते कर्जाशी जोडलेले आहे. बँकेने कर्ज दिले तरच अनुदान, आणि पागडीच्या जागेतला, हिशेबाची वही धड नसलेला धंदा म्हटला की बँक हात आखडता घेते. समजा, यातूनही तो पार पडला, तरी भट्टी बसवल्यानंतर दरमहा येणारे गॅसचे बिल भंगारातल्या लाकडापेक्षा जास्त असणार, आणि त्या बिलाला कोणतेही अनुदान नाही.

पर्यावरणपूरक तंत्रज्ञानासाठीच्या सरकारी योजनांबद्दल आज जे मांडायचे आहे ते याच ठिकाणी सुरू होते. उद्योग असो वा शेती, सार्वजनिक पैसा यंत्र बसेपर्यंत उदारपणे येतो. फीत कापली गेली, छायाचित्र काढून झाले, की तो थांबतो. प्रदूषण मात्र यंत्र बसवल्याने कमी होत नाही, ते रोज चालवल्याने कमी होते.

मुंबईच्या आसपासच्या औद्योगिक वसाहतींचे उदाहरण घेऊ. डोंबिवली, अंबरनाथ, तळोजा, तारापूर येथे रसायने, औषधे, रंग, कापड रंगाई यांचे लहानमोठे कारखाने आहेत. प्रत्येक लहान कारखान्याला स्वतःचे पूर्ण सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभारणे परवडत नाही, म्हणून सर्वांनी मिळून सामाईक केंद्र चालवावे, ही कल्पना केंद्र सरकारने १९९१ च्या सुमारास अनुदान देऊन पुढे आणली. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार उभारणीच्या खर्चात केंद्र सरकारचा वाटा ५० टक्के, राज्याचा २५ टक्के आणि कारखानदारांचा २५ टक्के ठेवण्यात आला. चार आण्यांत रुपयाचे काम व्हावे, याहून चांगली सोय कोणती असणार? परंतु हे प्रक्रिया केंद्र चालते जिवाणूंवर. मोठ्या टाकीत ब्लोअरने अहोरात्र हवा सोडायची, म्हणजे त्यातले जिवाणू सेंद्रिय घाण खाऊन टाकतात. कारखान्याने आपल्या आवारात सांडपाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे प्रमाण, नीट करून, प्राथमिक प्रक्रिया करूनच ते पुढे पाठवायचे असते. एखाद्या सभासदाने रात्रीच्या पाळीत तीव्र आम्लयुक्त पाणी तसेच सोडून दिले, तर ते जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा जिवंत व्हायला अनेक दिवस जातात. तोवर इतरांचेही पाणी अर्धवट प्रक्रिया होऊन नाल्यात जाते. त्यातच ब्लोअरचे वीजबिल हा चालवण्याच्या खर्चातला मोठा भाग. सभासदांची वर्गणी थकली की सर्वांत आधी मोह होतो तो ब्लोअर काही तास बंद ठेवण्याचा. तळोज्याजवळच्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले, ते काही प्रक्रिया केंद्र नव्हते म्हणून नव्हे. प्रक्रिया केंद्र होते.

अशा ठिकाणी अनुदानाचा काही भाग उभारणीच्या वेळी न देता राखून ठेवावा आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची सलग मोजणी समाधानकारक असेल तर तो तिसऱ्या, पाचव्या वर्षी द्यावा, असे माझे मत आहे. मोजणीची उपकरणे आज बसवलेलीच असतात. त्यांच्या आकड्यांवर पैसे अवलंबून नसतात, एवढीच त्रुटी.

शेतीकडे वळू. महाराष्ट्रात ठिबक आणि तुषार सिंचनासाठी केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे, आणि राज्याची शाश्वत कृषी सिंचन योजना त्यात भर घालून ते अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांपर्यंत नेते. ही टक्केवारी विक्रेत्याच्या बिलावर नसते, सरकारने ठरवलेल्या मापदंड खर्चावर असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. बिल मापदंडापेक्षा जास्त झाले की वरची रक्कम शेतकऱ्याच्या खिशातून जाते. राज्य सरकारच्या महाडीबीटी या योजनांच्या संकेतस्थळावर अर्ज, निवड, पूर्वसंमती, नोंदणीकृत विक्रेत्याकडून खरेदी, बिल चढवणे, मग मोका तपासणी, म्हणजे शेतावर येऊन पाहणी, आणि शेवटी आधारशी जोडलेल्या खात्यात रक्कम, असा हा प्रवास आहे. मधल्या काळात पूर्ण किंमत शेतकऱ्याने उसनवारी करून भरलेली असते आणि अनुदान उशिरा आले तर व्याज त्याच्याच माथी बसते.

डहाणूच्या चिकूच्या वाडीत किंवा घाटावरच्या उसाच्या फडात संच बसला, तरी खरे काम त्यानंतरचे. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असेल तर ड्रीपरच्या, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीच्या, छिद्रात पांढरा थर धरतो. शेततळ्याचे असेल तर शेवाळ येते. वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने धुवावी लागते, जाळीची गाळणी उघडून घासावी लागते, लॅटरलच्या, म्हणजे झाडांच्या ओळीतल्या नळीच्या, टोकाची टोपी काढून नळी वाहती करावी लागते, मोजून आम्ल किंवा क्लोरीन सोडावे लागते. उंदीर, खारी नळ्या कुरतडतात ते वेगळेच. यातले काही झाले नाही की ओळीच्या सुरुवातीच्या झाडांना पाणी भरपूर आणि शेवटची झाडे कोरडी. मग शेतकरी वैतागून नळ्या गुंडाळून बांधावर ठेवतो आणि पाटाने पाणी देऊ लागतो, तरी सरकारी तक्त्यात ते क्षेत्र ठिबकखालचेच राहते. त्याच जमिनीवर पुन्हा अनुदान मिळायला सात वर्षे थांबावे लागते. हा नियम योग्य आहे, पण सात वर्षे संच टिकावा यासाठी गावपातळीवर दुरुस्ती करणारा माणूस कोण, याचे उत्तर योजनेत सापडत नाही. माझ्या मते एका तालुक्यात दहा प्रशिक्षित कारागीर उभे करण्यावर खर्च झालेला पैसा आणखी काही संच वाटण्यापेक्षा जास्त पाणी वाचवील.

सौर कृषी पंपांच्या बाबतीत मात्र हा धडा काही प्रमाणात गिरवलेला दिसतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या कुसुम योजनेच्या आधारावर राज्याने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आणली, तीत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा ५ टक्के आहे. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत ५ अश्वशक्तीचा आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. महत्त्वाचे हे की पुरवठादारावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे आणि विमाही आहे. तक्रार करून दुरुस्तीला किती दिवस लागतात हा भाग गावागणिक बदलतो, परंतु जबाबदारी कोणाची हे कागदावर तरी स्पष्ट आहे.

एक धोका मात्र सांगायला हवा. विजेचे बिल नाही, डिझेल नाही, तर ऊन असेपर्यंत पंप बंद करण्याचे कारणच उरत नाही, आणि भूजल आधीच खोल गेलेल्या भागात हे महागात पडू शकते. म्हणून मला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा मार्ग अधिक पटतो. २०१७ मध्ये राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथून सुरू झालेल्या या योजनेत उपकेंद्राजवळ छोटा सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्या फिडरवरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या त्या वीजवाहिनीवरच्या, सगळ्या पंपांना दिवसा वीज मिळते. रात्रीअपरात्री, सापाबिबट्याच्या भीतीने पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला दिवसा वीज म्हणजे काय, हे मुंबईत बसून पूर्ण कळणार नाही. २०२३ च्या सुधारित योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे ठरले. शेतीची वीज स्वस्त ठेवण्यासाठी आजवर उद्योगांकडून जास्त दर घेतला जातो. सौर वीज युनिटला सुमारे तीन रुपयांना मिळू लागली की हा भार हलका होण्याची शक्यता आहे. शेतीसाठी खर्च झालेला पैसा असा कारखान्याच्या वीजबिलापर्यंत पोहोचू शकतो.

लघुउद्योगांसाठी जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने सुमारे १,००० कोटी रुपयांची व्याज सवलत योजना सुरू केली. ऊर्जा वाचवणारी यंत्रे घेण्यासाठी सूक्ष्म व लघुउद्योगांना कर्जाच्या व्याजात ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत. ओतकाम, फोर्जिंग, रसायने, औषधे, कापड, काच, अन्नप्रक्रिया अशी चौदा क्षेत्रे. १ कोटीच्या कर्जावर सूक्ष्म उद्योगाला पहिल्या वर्षी साधारण ५ लाखांची बचत, हे लहान कारखानदाराला थोडे नाही. या योजनेत आधी ऊर्जा लेखापरीक्षण आणि नंतर बचतीची पडताळणी आहे, हे मला तिचे खरे बळ वाटते.

पैसा नाही म्हणून चालवण्याच्या खर्चाला मदत करता येत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. जुलै २०१० पासून कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लावला गेला तो स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठी. २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६ हजार ४४० कोटी रुपये जमा झाले, त्यांपैकी सुमारे २९ हजार ६४५ कोटी त्या निधीत गेले आणि प्रत्यक्ष वापर झाला सुमारे १५ हजार ९११ कोटींचा. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो भरपाई उपकरही गेला आणि कोळशावरचा वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के झाला. आता कोळशातून येणारा रुपया आणि स्वच्छ तंत्रज्ञानावर जाणारा रुपया यांचा एकमेकांशी संबंध उरलेला नाही. त्या मानाने जानेवारी २०२३ पासून रिझर्व्ह बँकेमार्फत निघालेले सरकारचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीच घेतलेले कर्ज, बरे. पहिल्या वर्षी त्यांतून १६,००० कोटी उभे राहिले आणि तो पैसा कोणत्या कामांना वाटला याचा अहवाल सरकारला प्रसिद्ध करावा लागतो.

ज्यांना सध्या अर्ज करायचा आहे, त्यांनी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा जिल्हा उद्योग केंद्रात टक्केवारी विचारून थांबू नये. अनुदान कोणत्या खर्चावर मोजतात, रक्कम खरेदीआधी की नंतर मिळते, देखभालीचा करार किती वर्षांचा आणि कोणाच्या नावे, बिघाड झाल्यास किती दिवसांत माणूस येणे बंधनकारक आहे, आणि करार संपल्यावर सुटे भाग कुठे मिळतात, एवढे लेखी घेऊनच पूर्वसंमतीनंतरची खरेदी करावी. नमस्कार.