बॉनेटच्या मधोमध एक पट्टी

(दृश्य: पहाट. भुसावळमधलं बैठं घर, अंगणात कडुनिंब. त्याखाली गडद निळी गाडी. दोन हात बॉनेटच्या मधोमध कागदी टेप चिकटवतात.)

गुढीपाडव्याची सकाळ. गुढी उभारायला अजून तासभर आहे, पण अप्पांची अंघोळ, चहा सगळं उरकलंय. अप्पा म्हणजे माझे वडील. रेल्वेतून निवृत्त झाले. बॉनेटवर लागतेय ती टेप म्हणजे आमच्या घरातल्या एका जुन्या वादाची हद्द आहे: गाडीची चमक मेणानं राखायची की कोटिंगनं. टेपच्या डावीकडे अप्पा हातानं मेण लावणार. उजवीकडे माझा आतेभाऊ सिरॅमिक कोटिंग करणार, म्हणजे रंगाला चिकटून बसणारा रसायनाचा पातळ थर देणार. जळगावात त्याचं याच कामाचं दुकान आहे.

अटी दोघांनी मिळून ठरवल्या. गाडी रोजच्यासारखी वापरायची. उभी याच झाडाखाली करायची. धुवायची घरच्या बोअरच्या पाण्यानं. आणि पहिला पाऊस पडेपर्यंत कुठल्याच बाजूला पुन्हा काही लावायचं नाही.

"मामा, तुम्ही वर्षातून सहा वेळा घासत बसता. मी एकदा लावतो, मग तीन वर्षं बघायचं काम नाही," आतेभाऊ म्हणतो.

"बघायचं काम नाही, हेच मला पटून नाही राह्यलं," अप्पा म्हणतात.

(दृश्य: डबीचं झाकण उघडतं. आत फिकट पिवळं मेण.)

हे मेण येतं ब्राझीलच्या ईशान्य भागातून. तिथं कार्नोबा नावाचं ताडाच्या जातीचं झाड असतं. तो मुलूखही आपल्यासारखाच उन्हाचा. पाऊस थोडे महिने, बाकी वर्ष कोरडं. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड पानांवर मेणाचा थर चढवतं. पानं कापतात, वाळवतात, झोडपतात, आणि सुटलेली पूड वितळवून मेण काढतात. झाडांमधून निघणाऱ्या मेणांत हे फार कडक. वितळायला ८० अंशांच्या वर उष्णता लागते.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत सकाळी शिरलं, तर पानावर दवाचे थेंब गोल उभे दिसतात. अळवावरचं पाणी तर म्हणीतच जाऊन बसलंय. पानानं पाणी धरायचं नाही, सोडून द्यायचं. गाडीवर मेण लावतो तेव्हा आपण हेच पानाचं काम पत्र्याकडून करून घेतो.

अप्पा डबीत बोट फिरवतात. जेमतेम हरभऱ्याएवढं मेण. ते तळहातावर चोळून मऊ करतात आणि मग हातच बॉनेटवर ठेवतात. स्पंज आहे, पण पहिला हात ते हातानंच देतात. गोल नाही, सरळ रेघांत. थर इतका पातळ, की लावलाय की नाही हे तिरपं बघितल्याशिवाय कळत नाही. जाड लावलं तर फायदा काही नाही, पुसताना मनगट तेवढं दुखतं. दहा-पंधरा मिनिटांनी मेण धुरकट होतं. बोटानं पुसून बघायचं, रेघ स्वच्छ उमटली की मऊ फडक्यानं उतरवायचं.

(दृश्य: हात अचानक थांबतो. बोट एका जागी पुन्हा फिरतं.)

इथं दगड लागलाय. राईच्या दाण्याएवढा रंग उडालाय. डोळ्यांना दिसला नव्हता, हाताला लागला.

मी लहान असताना आमच्याकडे जुनी पद्मिनी गाडी होती. त्या काळच्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसायचा. पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग यायचा. फडकं आकाशी व्हायचं आणि मला वाटायचं, अशानं एक दिवस गाडी पुसली जाईल. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर क्लिअर कोट असतो. तो सुमारे ४० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. गाडीची सगळी चमक या थरात आहे, आणि मेण असो की कोटिंग, राखण त्याचीच करायची आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांदमळणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-तूप चोळतात. आमचे आजोबा शेतकरी होते. अप्पांचा हात बॉनेटवर फिरताना बघितला की मला ती खांदमळणी आठवते, आणि हे मी वडिलांच्या कौतुकापायी म्हणत नाही. चोळता चोळता कुठं सूज आहे, कुठं कातडी सोललीय, हे तिथंही हातालाच कळायचं.

(दृश्य: उजवी बाजू. चौकोनी ठोकळा, त्यावर गुंडाळलेलं छोटं कापड. काचेच्या बाटलीतून थेंब पडतात.)

आतेभावाचं काम बघताना वाटतं, हा औषध देतोय. हातमोजे, तोंडावर मास्क. आधी बॉनेटवरचा तेलकटपणा पूर्ण उतरवला. कोटिंगला रंग अगदी उघडा लागतो. मग कापडावर आठ-दहा थेंब. आधी आडवा हात, मग उभा. क्षणभरात पृष्ठभागावर इंद्रधनुष्यासारखी झाक येते आणि ती येताच पुसून घ्यावी लागते. उशीर झाला, तर तिथं काळपट डाग जागच्या जागी घट्ट होतो आणि मग तो पॉलिशनंच काढावा लागतो. उन्हाळ्यात ही वेळ आणखी कमी मिळते, म्हणून मे महिन्यात तो दुकानात पहाटेच कामाला लागतो.

सिरॅमिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चिनी मातीची बरणी येते. तसं यात काही नाही. बाटलीत सिलिकॉनवर आधारलेलं रसायन असतं. ते हवेतल्या बाष्पाशी क्रिया करून घट्ट होतं, त्याची जाळी विणली जाते आणि ती क्लिअर कोटला धरून बसते. मेण रंगावर नुसतं टेकलेलं असतं, कोटिंग रंगाला चिकटतं. टिकाऊपणातला फरक इथून येतो. कोटिंगचा थर मात्र एक-दोन मायक्रॉनचाच. पहिला दिवसभर पाणी लागू द्यायचं नाही, आणि आठवडाभर साबणानं धुवायचं नाही.

आता एक गोष्ट मला स्पष्ट सांगायची आहे, कारण यात माणसं फसतात. जाहिरातीत ९एच कडकपणा लिहिलेला असतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हिऱ्याच्या खालोखाल. हा आकडा पेन्सिलच्या मोजपट्टीवरचा आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली थरावर ओढतात आणि कुठल्या पेन्सिलीनं ओरखडा पडतो ते बघतात. हिरा ज्या मोजपट्टीवर १० असतो, ती वेगळी. वाळूचा कण काचेवर ओरखडा काढतो, तो कोटिंगला सोडणार नाही. महामार्गावर ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा तर दोन मायक्रॉनला विचारतही नाही. आतेभाऊ स्वतः गिऱ्हाइकाला हे सांगतो. सगळे सांगत नाहीत.

(दृश्य: आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. झाडाला बांधलेला झोका. मागं गाडी.)

आखाजीपर्यंत दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. खरं सांगायचं, तर डावी बाजू मला जास्त आवडत होती. मेणाची चमक ओली, खोल वाटते. कोटिंगची काचेसारखी, जरा थंड.

मग मे आला. भुसावळचा पारा ४५ च्या पुढं गेला. दुपारी सावली सरकली की गडद बॉनेटवर हात टेकवत नव्हता. कार्नोबा ८० अंश सोसतं हे खरं, पण डबीतलं मेण म्हणजे निव्वळ कार्नोबा नव्हे. त्यात तेलं असतात, द्रावकं असतात, इतर मेणं असतात. सातव्या आठवड्यात डावीकडचे थेंब पसरायला लागले. पाणी गोल राहीना, पत्र्यावर लोळायला लागलं.

त्याच आठवड्यात शेतावरून येताना कुणीतरी केळीचा घड बॉनेटवर ठेवला, बरोबर टेपवर. चीक दोन्हीकडं ओघळला. कपड्याला लागला तर जन्मभर जात नाही असा हा चीक. उजवीकडे ओल्या फडक्यानं एका पुसण्यात गेला. डावीकडे तपकिरी कड राहिली, ती काढायला अप्पांना शाम्पू लावून बराच वेळ चोळावं लागलं. ते काही बोलले नाहीत. आतेभाऊही बोलला नाही, हे मला आवडलं.

(दृश्य: उजव्या बाजूवर कॅमेरा अगदी जवळ. पांढरी वर्तुळं.)

पण कोटिंगचं दुखणंही आमच्याच अंगणात निघालं. बोअरचं पाणी. आमच्याकडे बादलीच्या कडेला पांढरी खरवड धरते, पाणी इतकं क्षारांचं. एका दुपारी माझ्या मुलानं हौसेनं गाडी धुतली आणि तशीच सोडली. कोटिंगवर थेंब सुंदर गोल उभे राहिले आणि उभ्या उभ्याच वाळले. प्रत्येक थेंबानं आपले क्षार एका ठिकाणी जमवून ठेवले. पांढरी वर्तुळंच वर्तुळं. डावीकडेही डाग पडले, पण पसरट आणि फिकट. उजवीकडे पांढरा व्हिनेगर पाण्यात मिसळून, कापड भिजवून ठेवावं लागलं. बरेचसे डाग गेले. दोन-तीन अजून दिसतात. त्यांच्यासाठी पॉलिश करावं लागेल, म्हणजे तेवढ्या जागेवरचं कोटिंग जाईल.

ज्या कोटिंगमुळे गाडी धुवायची गरज नाही असं लोकांना सांगितलं जातं, त्या कोटिंगला आपल्या पाण्यात उलट जास्त जपावं लागतं. सावलीत धुवा आणि धुतल्याबरोबर पुसून कोरडी करा.

पक्ष्यांच्या शिटेबाबत तर दोघेही हरले. तिच्यात आम्ल असतं. उन्हानं क्लिअर कोट तापून मऊ होतो, शीट वाळून आकसते आणि खाली खळगा पाडते. कडुनिंबाखाली दिवसभर राहिली, तर मेणही हरतं आणि कोटिंगही. बाटलीत पाणी आणि एक मऊ फडकं डिकीत ठेवावं. दिसली की आधी भिजवायची, मग उचलायची. घासायची नाही.

आणि धूळ. काळ्या मातीची, सरकीच्या हंगामातली, रस्त्याच्या कामाची. माझ्या स्वतःच्या गाडीचं नुकसान मेणानं केलं नाही की कोटिंगनं नाही. एका वॉशिंग सेंटरवर दिवसभर तेच फडकं, त्याच बादलीत बुडवून गाड्या पुसत होते. मी समोर खुर्चीत बसून चहा पीत होतो. घरी आल्यावर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसलं, बारीक बारीक ओरखड्यांचं. ते आजही आहे. म्हणून माझा हट्ट आहे: १५-२० हजारांचं कोटिंग करा किंवा डबीतलं मेण लावा, पण कोरडी गाडी पुसू नका. आधी पाण्यानं धूळ सुटू द्या. दोन बादल्या घ्या, एक साबणाची, एक फडकं खंगाळायची. हे फुकट आहे.

(दृश्य: जूनचं आभाळ. बॉनेटवर पहिला थेंब.)

पाऊस संध्याकाळी आला. आम्ही तिघं ओट्यावर उभे. उजवीकडे मोत्यांसारखे थेंब, वाऱ्याची झुळूक आली की घरंगळून जाणारे. डावीकडे पाण्याचा सपाट पापुद्रा.

अप्पा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बॉनेट आणि छत तू कर. ऊन आणि पाखरं तिथंच येतात."

"आणि दरवाजे, मामा?"

"दरवाजांना हात नाही लावायचा."

(दृश्य: दुसरी सकाळ. पाऊस थांबलेला. अप्पा डबी घेऊन दरवाजापाशी पाटावर बसतात. तळहात निळ्या रंगावरून खाली येतो, एका जागी थांबतो, पुन्हा वर जातो.)