एचआयव्हीची गोळी लपवावी का लागते?

श्रोतेहो, नमस्कार.

एचआयव्हीचा विषय निघाला की आजही कितीतरी घरांत रेडिओचा आवाज कमी होतो. आज तो उलट थोडा वाढवा. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींच्याही कानावर पडू दे.

मी सरकारी रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशक आहे. रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेला माणूस समोर येऊन बसतो आणि बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतो, "मॅडम, आता किती दिवस?" मी सरळ सांगते, "वेळेत गोळी सुरू केलीत आणि रोज घेतलीत, तर जवळजवळ इतरांइतकंच आयुष्य जगाल." पुष्कळांना ते खरं वाटत नाही. म्हणून थोडं मागचं सांगते.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ साली, मद्रासमध्ये. तिथल्या मेडिकल कॉलेजात डॉ. सुनीती सॉलोमन शिकवत होत्या. माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिनं देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या रक्ताचे नमुने जमवले. मद्रासमध्ये तपासणीची सोयच नव्हती, तेव्हा नमुने बर्फाच्या डब्यात घालून रात्रीच्या रेल्वेनं तिनं ते वेल्लोरला नेले. सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. देश हादरला, आणि द्यायला औषध नव्हतं. पुढे १९९६च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याचा उपाय परदेशात लागू पडला, पण खर्च वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी तीच औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली आणि गरीब देशांना पहिल्यांदा आशा दिसली. १ एप्रिल २००४पासून आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत ही औषधं फुकट मिळू लागली. सुरुवातीच्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं.

हा विषाणू शरीरात करतो काय? शरीराची राखण करणाऱ्या सीडी फोर नावाच्या पेशींत तो शिरतो. कोकिळेनं कावळ्याच्या घरट्यात अंडं घालावं, तशी तो आपली जनुकं त्या पेशीच्या जनुकांत घालून ठेवतो. पेशी राबते ती त्याच्याच प्रती तयार करायला, आणि शेवटी स्वतः मरते. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या, किंवा प्रतिकारशक्ती ढासळल्याचा फायदा घेऊन काही ठरावीक गंभीर आजार जडले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. उपचार घेतले नाहीत तर तिथवर पोचायला बहुधा आठ-दहा वर्षं लागतात. तोवर माणूस ठणठणीत दिसतो, शेतात राबतो, लग्नात नाचतो. चेहरा बघून एचआयव्ही ओळखता येत नाही. रक्त तपासल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

तो पसरतो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, एकमेकांची सुई वापरल्यानं आणि आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्यानं, हात हातात घेतल्यानं, एकच संडास वापरल्यानं किंवा डास चावल्यानं पसरत नाही. कंडोम हा भरवशाचा बचाव आहे. आणि धोका घडून गेलाच असेल, तर ७२ तासांच्या आत रुग्णालय गाठा. २८ दिवसांच्या गोळ्यांनी संसर्ग बहुतेक वेळा टाळता येतो. जितक्या लवकर जाल तितकं बरं.

आता आमच्या केंद्रात रोज दिसणारं सांगते. बऱ्याच जणांना आता दिवसाला एकच गोळी असते, तिच्यात तीन औषधं. ती प्लॅस्टिकच्या बाटलीत मिळते. कुणी बाई बाटली हातात पडताच बाहेरच्या बाकावर बसून नखानं लेबल खरवडून काढते. आत कापूस कोंबते, चालताना गोळ्या खळखळू नयेत म्हणून. मग बाटली पिशवीत, भाजीच्या खाली. सासूला कळलं तर ताट वेगळं होईल, ही धास्ती. अशी बाई लग्नकार्याला गावी गेली की बाटली घरीच राहते आणि चार-पाच दिवस खाडा पडतो. औषध नव्या प्रती थांबवतं, पण पेशींत दडून बसलेला विषाणू काढून टाकत नाही. गोळी थांबली की तो पुन्हा डोकं वर काढतो. वारंवार खाडे झाले तर त्याच औषधाला न जुमानणारा होतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक लग्नाच्या बायकांना हा संसर्ग नवऱ्याकडून झालेला असतो, आणि बोल मात्र त्यांनाच लागतो. याचा मला फार राग येतो.

घरच्यांना एक गोष्ट कळली तर निम्मी बाटल्यांची लपवाछपवी संपेल. रोज गोळी घेतल्यावर काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो, की चाचणीत सापडत नाही. तो तसाच दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. हे मोठमोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालं आहे. मग ताटाचं काय घेऊन बसलात?

गरोदरपणात पहिल्याच तपासणीला एचआयव्हीची चाचणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात मोफत असते. उपचार नसतील तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. आईनं गोळी घेतली, बाळाला जन्मल्यापासून औषध दिलं, की हे प्रमाण पाचाच्याही खाली येतं. पहिले सहा महिने बाळाला निव्वळ अंगावरचं दूध द्यावं. वरचं दूध आणि अंगावरचं असं मिसळून देऊ नये. सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेतात, आणि शेवटची तपासणी अठराव्या महिन्यात. त्या दिवशी आया सकाळपासून दारात उभ्या असतात. "निगेटिव्ह" ऐकलं की कुणी आधी रडते, कुणी बाळाचे मुके घेत सुटते.

कायदाही आता पाठीशी आहे. २०१७ साली झालेला एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, रिपोर्ट चारचौघांत फोडता येत नाही. एचआयव्ही आहे एवढ्याच कारणावरून नोकरीवरून काढणं, शाळेत प्रवेश नाकारणं, भाड्यानं घर न देणं, उपचार नाकारणं हे बेकायदा आहे.

तपासणीसाठी सिव्हिल किंवा ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी केंद्र, कुठे आहे ते विचारा. पैसे लागत नाहीत. संसर्ग झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे चाचणीत तो दिसेलच असं नाही, म्हणून शंका असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. जायची हिंमत होत नसेल, तर आधी १०९७ हा मोफत नंबर लावा. नाव सांगायची सक्ती नाही. आणि नवरा-बायको दोघं मिळून तपासणीला आलात, तर आम्हाला फार आनंद होईल. नमस्कार.